सेनापती उमाबाई दाभाडे व तळेगावचे दाभाडे घराणे

कार्ल्याच्या डोंगरावर श्री एकवीरा देवीचे दर्शन घेऊन भाविक पायऱ्यांवर क्षणभर विसावतो, तेव्हा दरीपलीकडे लोहगड आणि विसापूर ही दुर्गांची जोडी त्याच्या नजरेस पडते. खाली इंद्रायणीचे खोरे पसरलेले असते आणि पूर्वेकडे, नदी जिकडे वाहत जाते त्या दिशेला, तळेगाव दाभाडे हे जुने गाव आहे. दर्शनाला येणाऱ्या पुष्कळांना या गावाचे नाव रेल्वेच्या पाटीवरून ठाऊक असते. परंतु त्या नावातील 'दाभाडे' हा शब्द कोठून आला, याची माहिती थोड्यांनाच असते. मराठेशाहीचे सेनापतिपद ज्या घराण्याने वंशपरंपरेने भूषविले, त्या घराण्याचे हे गाव. आणि त्याच घराण्याच्या उमाबाई या, पती व पुत्र दोघेही गमावल्यानंतर सुमारे वीस वर्षे सेनापतिपदाचा कारभार स्वतःच्या हाती घेऊन चालविणाऱ्या मातोश्री होत.

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती पश्चिमेची बाजू. सह्याद्रीच्या कुशीतील नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ अशा खोऱ्यांनी बनलेल्या या भूमीने शिवछत्रपतींना मावळे दिले, हे सर्वविदित आहे. त्याच मातीतून दाभाडे घराण्याचा उदय झाला.

दाभाडे घराण्याचा उत्कर्ष

या घराण्याचे येसाजी दाभाडे हे शिवकाळातील एकनिष्ठ सेवक होते. छत्रपती संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ साली छत्रपती राजाराम महाराजांना जीव धोक्यात घालून दक्षिणेत जिंजीकडे जावे लागले. त्या बिकट प्रवासात येसाजींचे पुत्र खंडेराव व शिवाजी हे महाराजांबरोबर होते आणि त्या श्रमांतच शिवाजी दाभाडे यांचा अंत झाला, अशी घराण्याची परंपरा आहे. या सेवेचे स्मरण ठेवून राजाराम महाराजांनी दाभाड्यांना तळेगाव इनाम दिले.

खंडेरावांचे पुढील आयुष्य घोड्याच्या पाठीवरच गेले, असे म्हटले तरी चालेल. खानदेश व गुजरात या प्रांतांत मराठ्यांचा चौथाईचा हक्क बसविण्याचे अवघड काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १७१६ साली सय्यद हुसेनअलीने त्यांच्यावर पाठविलेल्या झुल्फिकार बेग या सरदाराचा त्यांनी खानदेशच्या डोंगराळ मुलखात पुरता पाडाव केला. त्यानंतर, ११ जानेवारी १७१७ रोजी, छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपदाची वस्त्रे दिली. बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीच्या मोहिमेवर गेले, त्या वेळी सेनापती खंडेरावही बरोबर होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यांच्या हाताखालील दमाजी गायकवाड नावाच्या शूर गृहस्थाने पराक्रम गाजविला व त्यास 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. हे दमाजी मूळचे पुणे जिल्ह्यातीलच दावडी गावचे. वडोद्याचे जे गायकवाड राजघराणे पुढे हिंदुस्थानात नावारूपाला आले, त्याचे मूळ असे दाभाड्यांच्या पदरी आहे.

तळेगावाजवळ इंद्रायणीच्या काठी इंदोरी येथील गढीवजा किल्ला खंडेरावांनी १७२०–२१ च्या सुमारास बांधला. त्याचा भक्कम दरवाजा व बुरूज अद्याप उभे आहेत आणि आत कडजाई देवीचे मंदिर आहे.

खंडेरावांच्या दानधर्माची एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. श्रावण महिन्यात ठिकठिकाणचे विद्वान ब्राह्मण तळेगावी जमत आणि त्यांच्या विद्येचा आदर करून त्यांना दक्षिणा देण्यात येत असे. पुढे या दक्षिणेला जे फळ आले ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. तो भाग यथास्थळी येईल.

अभोण्याची कन्या

उमाबाई या नाशिक प्रांतातील अभोणे येथील देवराव ठोके देशमुख यांच्या कन्या. अभोणे हे गाव सप्तशृंग गडाच्या परिसरातले. डोंगराची ती सात शिखरे आणि त्यांतील आदिमाया यांच्या छायेत त्यांचे बालपण गेले. खंडेरावांच्या तीन पत्नींपैकी त्या सर्वांत धाकट्या. त्यांना त्रिंबकराव, यशवंतराव व बाबूराव हे तीन पुत्र आणि तीन कन्या झाल्या.

माहेरच्या देवीचा विसर त्यांना कधी पडला नाही. श्री सप्तशृंगी देवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना त्या काळी गडाच्या अखेरच्या खड्या कड्यावरून धोक्याने चढावे लागे. उमाबाईंनी १७१० च्या सुमारास तेथे सुमारे पावणेपाचशे दगडी पायऱ्या बांधविल्या. कड्याला बिलगून जाणाऱ्या या पायऱ्यांवरून तीनशे वर्षे म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया, नवस फेडणारे भक्त देवीपर्यंत पोहोचत आले आहेत. २०१८ पासून गडावर रुळांवरून चालणाऱ्या ट्रॉलीची सोय झाली असली, तरी पायऱ्यांनी चढून जाणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही. दान कसे असावे, याचा विचार करणाऱ्या देणगीदारांनी या पायऱ्या एकदा अवश्य चढून पाहाव्यात. तेव्हा उमाबाई खंडेरावांच्या धाकट्या पत्नी एवढ्याच नात्याने ओळखल्या जात होत्या. राज्यकारभाराशी त्यांचा संबंध येण्यास अजून वीस वर्षांचा अवकाश होता.

डभईचा घाव

२७ सप्टेंबर १७२९ रोजी सेनापती खंडेराव निधन पावले. त्यांच्या मागे ज्येष्ठ पुत्र त्रिंबकराव सेनापती झाले. परंतु तोपर्यंत दरबाराचे वारे बदलले होते. तरुण पेशवे पहिले बाजीराव यांची दृष्टी उत्तरेकडे होती आणि गुजरातच्या उत्पन्नावर त्यांनीही हक्क सांगितला. बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांनी गुजरातच्या मोगल सुभेदाराकडून चौथाईचा करार करून घेतला. ज्या मुलखासाठी खंडेरावांनी आयुष्य झिजविले, तो असा हातातून जात आहे हे पाहून त्रिंबकराव अत्यंत क्षुब्ध झाले. गायकवाड, कदम बांडे आदी सरदार त्यांना मिळाले. निजामाशीही त्यांचे सूत जमले. ही त्यांची चूक होती असेच म्हणावे लागते. कारण घरचे भांडण परक्याच्या कानी गेले की ते घरचे राहत नाही. मात्र ज्या कारणाने ते इतके दूर गेले ते कारणही खोटे नव्हते.

१ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईनजीक भिलापूरच्या मैदानात मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. आपली फौज हटते आहे असे दिसताच त्रिंबकरावांनी आपल्या हत्तीच्या पायांत साखळदंड घातले. मागे फिरण्याची वाटच त्यांनी स्वतःपुरती बंद करून टाकली. हत्तीवरून तीर चालवीत असतानाच बंदुकीची गोळी लागून ते ठार झाले. ही गोळी शत्रुपक्षाची नसून त्यांचे सख्खे मामा भावसिंगराव ठोके यांनी झाडली, अशी एक कथा परंपरेने चालत आली आहे. ती खरी मानली तर उमाबाईंचे दुःख दुहेरी ठरते: पुत्र गेला, आणि तो भावाच्या हातून गेला.

पतीच्या निधनाला दीड वर्ष होते न होते तोच हा आघात झाला. तळेगावात आकांत झाला. उमाबाईंनी न्याय मागितला तो छत्रपती शाहू महाराजांकडे. महाराजांची स्थिती मोठी कठीण झाली. एका बाजूला राज्याचा कर्तबगार पेशवा, दुसऱ्या बाजूला राजाराम महाराजांसाठी प्राण पणाला लावणारे घराणे. महाराज बाजीरावांना घेऊन स्वतः तळेगावी आले, त्यांना उमाबाईंच्या पायांवर घातले आणि तलवार उमाबाईंच्या हाती देऊन हवे असल्यास अपराध्याचे शिर उतरविण्यास सांगितले. परंतु उमाबाईंनी तलवार चालविली नाही, अशी कथा मावळात आजही सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, छत्रपतींच्या शब्दाला मान देऊन त्या मातेने उघड वैर तूर्त बाजूस ठेवले, हे पुढच्या घटनांवरून स्पष्ट होते.

तडजोड अशी ठरली. माळवा पेशव्यांकडे व गुजरात सेनापतींकडे राहावा. एकाने दुसऱ्याच्या मुलखात जाऊ नये. गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा भाग छत्रपतींच्या खजिन्यात भरावा. सेनापतिपद दुसरे पुत्र यशवंतराव यांना देण्यात आले. ते अल्पवयीन असल्याने कारभार मातोश्री उमाबाईंच्या हाती आला. कागदोपत्री वस्त्रे यशवंतरावांची. पण फौजेला हुकूम आणि सरदारांना पत्रे जात ती उमाबाईंच्या विचाराने. म्हणूनच लोकांनी त्यांनाच सेनापती म्हटले, आणि मराठेशाहीच्या इतिहासात हा मान मिळविणाऱ्या त्या एकट्याच स्त्री म्हणून ओळखल्या जातात.

अहमदाबादची स्वारी

१७३२ साली गुजरातचा मोगल सुभेदार, जोधपूरचा राजा अभयसिंग, याने दाभाड्यांचे मुतालिक पिलाजी गायकवाड यांचा डाकोर येथे कपटाने खून करविला. डाकोर हे श्रीरणछोडरायाचे क्षेत्र. तीर्थक्षेत्री बोलणी करावयास आलेल्या माणसाचा घात झाला, याचा संताप मराठी फौजेत उसळला. सेनापती अल्पवयीन आहे आणि वाड्यात एक विधवा स्त्री आहे, तेव्हा दाभाड्यांचे बळ आता संपले, असा शत्रूचा हिशेब असावा. तो उमाबाईंनी चुकविला.

पिलाजींचे पुत्र दमाजी व कंठाजी कदम बांडे यांना बरोबर घेऊन त्या स्वतः अहमदाबादवर चालून गेल्या. वैधव्याची पांढरी वस्त्रे धारण केलेल्या उमाबाई हत्तीवर बसून फौजेच्या अग्रभागी होत्या, असे वर्णन परंपरेत आहे. अहमदाबादेचा सरदार जोरावरखान बाबी याने त्यांना अडविण्याचा यत्न केला. शहर मराठ्यांच्या ताब्यात आले नाही, हे खरे; परंतु १७३३ साली मोगलांना तह करावा लागला. चौथाई व सरदेशमुखी मान्य करून त्याखेरीज अहमदाबादच्या खजिन्यातून ऐंशी हजार रुपये देण्याचे ठरले आणि रक्कम चुकती होईपर्यंत बाबी घराण्यातील जवानमर्दखान मराठ्यांकडे ओलीस राहिला. या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनी उमाबाईंच्या पायांत सोन्याचे तोडे घालून त्यांचा गौरव केला, असे सांगतात. दाभाड्यांच्या नावाने गुजरातेत पाय रोवलेल्या गायकवाडांनी पुढे १७३४ साली वडोदे कायमचे ताब्यात घेतले.

मावळतीचे दिवस

यानंतरची पंधरा-सोळा वर्षे वरकरणी शांततेची गेली. तथापि घराण्याला आतून कीड लागत होती. यशवंतराव वयात आले, पण व्यसनाधीन झाले; वडिलांची तडफ त्यांच्यात उतरली नाही. गुजरातेत दमाजी गायकवाड दिवसेंदिवस प्रबळ होत गेले आणि धनी व चाकर यांतील अंतर नावापुरते उरले. तळेगावच्या वाड्यात बसून हे सारे सांभाळणाऱ्या उमाबाईंना पुत्राचा आधार नव्हता. गुजरातचा निम्मा वसूल छत्रपतींकडे भरण्याचे कलम दाभाड्यांनी पाळले नाही आणि दयाळू शाहू महाराजांनीही त्याचा तगादा लावला नाही.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज कैलासवासी झाले आणि उमाबाईंचा एकमेव आश्रय नाहीसा झाला. पेशवे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांच्यासमोर रिकामा खजिना होता. त्यांनी गुजरातचा निम्मा हिस्सा मागितला. उमाबाईंनी प्रथम यादो महादेव निरगुडे या आपल्या कारभाऱ्याला बोलणी करण्यास धाडले. त्यातून काही निष्पन्न होईना, तेव्हा २२ नोव्हेंबर १७५० रोजी त्या स्वतः आळंदी येथे नानासाहेबांना भेटल्या. श्रीज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचे हे क्षेत्र, तळेगावावरून वाहत येणाऱ्या त्याच इंद्रायणीच्या तीरावरचे. समोर बसलेला तरुण पेशवा हा, ज्याच्या फौजेशी लढताना आपला त्रिंबक पडला, त्या बाजीरावांचा पुत्र. उमाबाईंचे म्हणणे असे होते की, जुना करार पुत्रशोकाच्या प्रसंगी दडपणाखाली झाला असल्याने तो बंधनकारक नाही. नानासाहेबांनी ते मान्य केले नाही.

दोन्ही बाजूंचे वजन मोजले तर निर्णय सोपा नाही. राज्य चालविणाऱ्याला द्रव्य लागते आणि एका सरदाराला सूट दिली तर बाकीचे कसे ऐकणार, हा पेशव्यांचा प्रश्न रास्त होता. पण ज्या घराण्याने गुजरात मिळविला त्याच्याकडून निम्मा प्रांत मागताना पेशव्यांनी मागच्या जखमेची आठवण ठेवली नाही, हेही तितकेच खरे.

त्या भेटीनंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबर १७५० रोजी, साताऱ्यास महाराणी ताराबाईंनी छत्रपती रामराजांना कैद करून पेशव्यांविरुद्ध उघड पवित्रा घेतला. उमाबाई ताराबाईंना मिळाल्या. मराठेशाहीतील दोन वृद्ध विधवा स्त्रिया एका बाजूला आणि पुण्याची सत्ता दुसऱ्या बाजूला, असा तो प्रसंग होता. उमाबाईंच्या आज्ञेवरून दमाजी गायकवाड पंधरा हजार फौजेनिशी गुजरातेतून आले. मार्च १७५१ मध्ये साताऱ्याजवळ निंब येथे त्यांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. काही दिवस पुण्यात भीतीचे वातावरण होते. परंतु वेण्णाकाठच्या पुढील लढाईत पारडे फिरले. नानासाहेब वेगाने परतले आणि ३० एप्रिल रोजी गायकवाडांच्या तळावर अचानक छापा पडून दमाजी कैद झाले. तहाची बोलणी चालू असता दगा झाला, असे दमाजींचे मत झाले; त्यानंतर ते पेशव्यांना उजव्या हाताने कधी मुजरा करीत नसत, असे सांगतात.

मे १७५१ मध्ये दाभाडे व गायकवाड कुटुंबांतील माणसे अटकेत पडली. त्यांना लोहगडावर ठेवण्यात आले. एकवीरेच्या पायऱ्यांवरून दिसणारा तोच हा लोहगड. ज्या मावळात सेनापतींचा शब्द चालत असे, त्याच मावळातील गडावर सेनापतींच्या घरचे लोक बंदी झाले. युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत जिंजीही आहे आणि लोहगडही. दाभाडे घराण्याच्या भाग्योदयाचा आणि भाग्यास्ताचा गड एकाच यादीत यावा, हा एक योगायोग.

१७५२ साली दमाजींनी पेशव्यांशी स्वतंत्र समेट केला. गुजरातचा निम्मा प्रांत त्यांनी सोडला, मागील बाकीपोटी पंधरा लाख रुपये कबूल केले आणि दाभाड्यांचे धनीपण व्यवहारात संपुष्टात आले. गायकवाडांचे संस्थान पुढे १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. दाभाड्यांकडे तळेगावची जहागीर व सेनापती हे नाव तेवढे राहिले.

२८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात उमाबाईंनी देह ठेवला.

तळेगावच्या दक्षिणेचे पुढे काय झाले

डभईच्या लढाईनंतर तळेगावची श्रावणमासातील दक्षिणा बंद पडू नये म्हणून बाजीरावांनी ती पुण्यात चालू केली. ज्या घराण्याशी युद्ध झाले त्याचे पुण्यकर्म पेशव्यांनी आपले म्हणून पुढे नेले, ही गोष्ट पेशव्यांच्याही मोठेपणाची आहे. पुढील पेशव्यांच्या काळात हा समारंभ फार वाढला आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाऊ लागली. १८१८ साली पेशवाई संपल्यावर इंग्रज सरकारने ही रक्कम एकदम न थांबविता तिच्या एका भागातून १८२१ साली पुण्यातील विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन केली. तीच संस्था वाढत जाऊन पुढे डेक्कन कॉलेज झाली. मराठी ग्रंथलेखनास बक्षिसे देण्यासाठीही दक्षिणेचा पैसा खर्ची पडला. तळेगावात एका सेनापतीने सुरू केलेल्या श्रावणदानातून शंभर वर्षांनी विद्यालय उभे राहिले.

भाविकांसाठी

तळेगाव दाभाडे हे पुणे–लोणावळा लोकल मार्गावरील स्थानक असून पुण्याहून सुमारे पस्तीस किलोमीटर अंतरावर आहे. गावात ग्रामदैवत श्री डोळसनाथ महाराजांचे मंदिर आहे. जुन्या गावाच्या बाजूस श्री बनेश्वर महादेवाचे मंदिर असून त्याच्या परिसरात सेनापती खंडेराव दाभाडे यांची कोरीव कामाने नटलेली समाधी आहे. उमाबाईंचे समाधिस्थानही तेथेच आहे. इंदोरीचा किल्ला तळेगाव–चाकण रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी आहे. कार्ल्याहून पुण्याकडे परतताना ही दोन्ही ठिकाणे एका दुपारी पाहून होतात. बनेश्वराच्या आवारात पादत्राणे बाहेर ठेवावीत, समाधीवरील दगडी कोरीव कामास गंध, शेंदूर अथवा तेल लावू नये.